एक गोटी, एक घंटी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. पण मला पाहून पाणी भरायला धावू नका. माझ्यात कधी पाणी भरलं गेलं नाही, तेल नाही, तांदूळही नाहीत. माझं झाकण कायमचं बंद असतं आणि त्याच्या मधोमध एक अरुंद नळी आहे. त्या नळीतून पोटात एकच वस्तू येऊ शकते, ती म्हणजे काचेची गोटी. तुम्ही अंगणात गल खणून खेळता, तशीच. फक्त या गोटीवर आमच्याकडे राज्य कोणी करायचं ते ठरतं.

आमचा देश गांबिया. देश म्हणजे काय, एक नदी आणि तिचे दोन काठ. नदी जिथे वळते तिथे देशही वळतो. एका काठाच्या माणसाला दुसऱ्या काठाला जायचं तर होडीची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहता पाहता चहा उकळावा लागतो. त्यामुळे आमची माणसं बोलण्यात पटाईत.

माझा जन्म समुद्राकाठच्या गावातल्या एका लोहाराकडे झाला. मोमोदू चाम त्याचं नाव. चाम लोक पिढ्यानपिढ्या लोखंडाशी बोलत आलेले. त्यानं पत्रा वाकवला, सांधा जोडला, झाकणाला नळी बसवली आणि नळीच्या खाली आत एक घंटी लावली. सायकलला असते ना, तसलीच. तळाला वाळू पसरली, म्हणजे गोट्यांनी एकमेकींवर आपटून बडबड करायला नको.

त्याची बायको दारात बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या पोटाला एवढीशी जीभ?"

"पुरे आहे," चाम म्हणाला. "गोटी आली की एकदा बोलायचं. कुणी लबाडीनं दुसरी टाकली तर दुसऱ्यांदा बोलायचं. बाहेर बसलेल्याला कळलं म्हणजे झालं."

"म्हणजे तुमच्यापेक्षा बरा. तुम्हाला दहादा विचारलं तरी एकदा बोलत नाही."

चाम हसला आणि त्यानं पहिली गोटी टाकून पाहिली. *टिंग.* मित्रांनो, तो माझा पहिला शब्द. पुढे आयुष्यभर मी तेवढाच बोललो.

कामाचे दिवस मोठे झकास होते. निवडणूक आली की मला रंग देत. ज्या उमेदवाराचा मी, त्याचा रंग माझ्या अंगावर, त्याची खूण माझ्या पोटावर आणि त्याचा फोटो छातीवर. पुढच्या खेपेला तोच रंग दुसऱ्या रंगाखाली जाई. एका निवडणुकीत ज्याचा फोटो मी मिरवला, पुढच्या निवडणुकीत त्याच्याच विरोधकाचा मिरवला. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं काम गोटी सांभाळायचं.

कधी राष्ट्राध्यक्ष निवडायचा असे, कधी संसदेचा सभासद, कधी नुसता परिषदेवर जाणारा गावाकडचा माणूस. मी ट्रकमधून धूळ खात वर पार बासे गावापर्यंत गेलो, होडीतून तिवरांच्या मुळांमधून वाट काढत गेलो. मला डोळे नाहीत. जगाची ओळख मला नळीतून झाली. आमच्याकडे जमाती पुष्कळ. मांडिंका शेतकरी यायचा तेव्हा गोटीला शेंगांच्या टरफलांची धूळ लागलेली असे. फुला गुराख्याच्या हाताला ताकाचा वास यायचा. वोलोफ दुकानदार गोटी टाकायच्या आधी सवयीनं ती नळीच्या काठावर वाजवून पारखून बघायचा. सेराहुले म्हातारा गोटीवर दोन शब्द पुटपुटायचा, जणू तिला दूरच्या प्रवासाला धाडतोय. जोला बाई भातखाचरातून थेट आलेली असायची, तिच्या पायांचा चिखल वाजायचा.

आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या आसपास सायकल आणायला सक्त मनाई. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता त्या दिवसाचं सांगतो. तेवढ्यासाठीच तर तोंड उघडलं.

नदीच्या उत्तरेच्या काठाला फारोकुंडा नावाचं गाव आहे. अर्धं गाव मांडिंका, शेती करणारं. अर्धं सेरेर, मासेमारी करणारं. मधूनमधून फुला गुराख्यांची खोपटी. परिषदेच्या एका जागेची निवडणूक होती आणि उमेदवार दोन. एकाची खूण कासव, तो गावप्रमुखाचा, म्हणजे आमच्याकडे ज्याला अल्कालो म्हणतात त्याचा पुतण्या. दुसऱ्याची खूण कंदील, तो कोळ्यांचा पुढारी. गाव बरोबर मधोमध चिरलं गेलं होतं. चहाच्या चुलीसुद्धा दोन झाल्या होत्या.

आम्ही दोन ड्रम शाळेच्या खोलीत, कापडाच्या आडोशामागे शेजारी शेजारी उभे. बाहेर टेबलाशी बसले होते मतदान अधिकारी बाकारी कुजाबी. दक्षिणेच्या काठाचे, जातीचे जोला. भारी शिस्तीचे. सकाळच्या होडीतून उतरले ते सायकल घेऊन, आणि गावात पाऊल टाकताच पहिला हुकूम सोडला, "सगळ्या सायकली वेशीबाहेरच्या बाओबाब झाडाखाली. पाववाल्याचीसुद्धा."

पाववाला म्हणाला, "साहेब, मी घंटीला फडकं बांधतो की."

"फडकं सुटतं. झाडाखाली."

मतदान सुरू झालं. टिंग, टिंग. रांग सरकत होती. आणि मग बायकांच्या रांगेत गलका झाला.

"अगं तेनिंग, तू? आणि बाहेर?"

तेनिंग सार ही सेरेर वाड्यातली नवी सून. तिला मुलगा होऊन आठवडा होत आला होता. आमच्याकडे बाळाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात आणि तोवर आई आणि बाळ उंबरा ओलांडत नाहीत. नाव ठेवायचा दिवस उद्याचा होता. तिच्यामागून तिची सासू यांदे बडबडत आली होती.

"मी सांगून थकले. नाव नाही ठेवलं अजून पोराचं आणि ही निघाली. पुढच्या खेपेला दे म्हटलं मत."

"आई, पुढच्या खेपेला पोट पुढे असेल, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाल," तेनिंग म्हणाली.

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, सुनेनं पुढच्या नातवाचा वायदा केला, आता तरी गप बस." आणि सगळ्यांनी मिळून तेनिंगला पुढे ढकललं. यांदे बाळापाशी परत गेली.

तेनिंग आडोशामागे आली. तिचं हे पहिलं मत. ती आमच्या दोघांसमोर बराच वेळ उभी राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग गोटी माझ्या नळीत आली. मुठीत इतका वेळ धरलेली, की ती ऊबदार झाली होती. अशी ऊबदार गोटी मला पुन्हा मिळाली नाही.

मी माझा शब्द बोललो. *टिंग.*

आणि लगेच, माझ्या शब्दाची शेपटी विरते न विरते तोच, कुठूनतरी दुसरी *टिंग.*

"थांबा!" कुजाबींची खुर्ची करकरली. "दोनदा वाजली."

तेनिंग आडोशातून बाहेर आली. "साहेब, मी एकच टाकली."

"मी एकच दिली होती. दुसरी कुठून आणलीस?"

"माझ्या घरात गोट्या खेळणारं कुणी नाही, साहेब. एक पोर आहे, त्याला अजून नावसुद्धा नाही."

कुणी हसलं नाही. दोन्ही उमेदवारांची माणसं खोलीत बसलेली होतीच. कासववाला ओरडला, "कंदिलात टाकली! कोळ्यांची सून आहे ती!" कंदीलवाला ओरडला, "म्हणूनच मुद्दाम कासवात टाकायला लावली असेल कुणी! बदनामी आमची!" पाच मिनिटांत बाहेर ओट्यावरचं गावही दोन तोंडांनी तेच ओरडू लागलं.

मित्रांनो, आमच्या झाकणांवर शिक्के असतात. संध्याकाळी, मतदान संपल्यावर, सगळ्यांसमोरच ते फोडायचे. तोवर आत डोकावता येत नाही. कुजाबी म्हणाले, "हिनं इथेच बसायचं. मोजणीत एक गोटी जास्त निघाली तर हिला पलीकडच्या काठाला चौकीवर नेलं जाईल. आणि गावाच्या मतांचं काय करायचं ते वरचे ठरवतील."

तेनिंग भिंतीशी बसली, आडोशाच्या अगदी जवळ. तिच्या आणि माझ्यामध्ये फक्त एक कापड होतं. मला माहीत होतं की ती खरं बोलतेय. माझ्या पोटात तिची एकच गोटी होती. पण मी काय करणार? माझ्या वाट्याला एक शब्द, आणि तोही कुणी गोटी टाकली तरच.

सूर्य वर चढला. शाळेपासून तिचं घर लांब नव्हतं. वारा फिरला की बाळाचं रडणं ऐकू यायचं. आधी कुरकुर, मग हट्टाचं, मग ते भुकेचं, एका श्वासात न मावणारं. मला ते ऐकू यायच्या आधीच कापडापलीकडे तिचा श्वास अडकायचा. रांगेतली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "बघ, हिची चोळी भिजली." कुणीतरी आपली ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकली.

मग अल्कालो आले. केमो त्यांचं नाव, म्हातारे, मऊ बोलणारे. भांडण मिटवण्यात सगळं आयुष्य गेलेलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"पोरी, मी साहेबांशी बोललोय. एक वाट आहे. तू कोणत्या ड्रमात टाकलीस तेवढं सांग. संध्याकाळी त्यातली एक गोटी सगळ्यांदेखत बाजूला काढू. तुझं एक मत राहील. चौकी नको, काही नको. आत्ता ऊठ आणि लेकराला पाज."

मी कान टवकारले. खरं सांगू, मलाही वाटलं, सांगून टाक गं. कोण चांगलं, कोण वाईट, असं काय ठेवलंय त्यात.

तेनिंग म्हणाली, "बाबा, मी एकच टाकलीय. तुम्ही एक काढलीत तर माझीच काढाल."

"बरं, समज तुझंच खरं. तरी सांगून टाक. एका मतानं काय होतं?"

"एका मतानं काही होत नाही, तर मला सकाळपासून इथे का बसवलंय?"

अल्कालो आणखी जवळ सरकून म्हणाले, "मी तुझ्या आजोबांसारखा. माझ्या कानात सांग."

"आजोबांना तर मुळीच नाही," ती म्हणाली. "कासव म्हटलं तर सासरची माणसं उद्या बाळाच्या नावाला तोंड फिरवतील. कंदील म्हटलं तर तुमची माणसं मला विहिरीवर पाणी भरू देणार नाहीत. पण ते दोन्ही सोसेन मी. बाबा, माझं लग्न कुणाशी करायचं हे कुणीतरी ठरवलं. घर कुठल्या काठाला हे कुणीतरी ठरवलं. उद्या पोराचं नावही त्याचे आजोबा ठरवतील. आज सकाळी त्या कापडामागे मला कुणी काही सांगायला नव्हतं. ते मी बाहेर नाही आणणार."

तेवढ्यात बाळ पुन्हा रडलं. या वेळी रडता रडता त्याचा आवाज बसला.

ती उठली. मला वाटलं, आता सांगणार. सगळ्यांनाच वाटलं. कुजाबींनी पेन खाली ठेवलं.

"साहेब..."

"बोल."

"पाणी मिळेल?"

तिला पाणी दिलं. ती पुन्हा बसली.

दुपारी यांदे आली. बाळाला शेजारणीच्या मांडीवर सोडून, काठी आपटत. आता तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हणतात की फार फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून चालल्या होत्या. वादळात होडीचे दोन तुकडे झाले. एक बहीण उत्तरेला लागली, एक दक्षिणेला. उत्तरेच्या बहिणीची लेकरं ते सेरेर आणि दक्षिणेच्या बहिणीची ते जोला. तेव्हापासून हे दोघे भेटले की एकमेकांना वाटेल ते बोलतात, एकमेकांच्या ताटातला घास उचलतात, डोक्यावरची टोपी पळवतात. आणि रागवायची कुणालाच मुभा नाही. थट्टेचं नातं ते. राजालासुद्धा ते मोडता येत नाही.

यांदेनं दारातूनच हाक मारली, "कुठे आहे तो भाताचा भोपळा?"

कुजाबी म्हणाले, "मावशी, आज मी जोला नाही. आज मी अधिकारी आहे."

"असं? जोला नाहीस? मग हे कुणाचं?" तिनं टेबलाखालचा त्यांचा जेवणाचा डबा उचलला. बेनाचिनचा वास खोलीभर सुटला, लाल भात, वर मासा. "भात पाहून सांगते मी कोण जोला ते! माझं नातवंड उपाशी, तर तूही उपाशी." डबा रांगेत गेला. हातोहात रिकामा झाला.

खोलीत हशा पिकला. सकाळपासून पहिल्यांदा कासववालाही हसला.

"मावशी, नियम आहे..."

"नियम तुझ्याजवळ ठेव. टोपी दे." टोपी गेली. "माझ्या घरचा गडी आणि माझ्याच सुनेला बसवून ठेवतो! तुझी खापरपणजी होडीच्या चांगल्या तुकड्यावर बसून पळाली, आमच्या वाट्याला भोकाचा तुकडा आला, तरी आम्ही काही म्हटलं नाही. आणखी काय आहे तुझ्याकडे? सायकल! सकाळी आलास ना ऐटीत, सायकलवरून? ती मी नेते. उद्या नाव ठेवायच्या जेवणाला आलास की मिळेल. कुठेय? झाडाखाली तर नव्हती."

कुजाबी हळूच म्हणाले, "शाळेच्या मागे आहे. घंटीला फडकं गुंडाळलंय."

"पाववाल्याचं फडकं सुटतं आणि साहेबांचं नाही सुटत!" कुणीतरी रांगेतून म्हणालं.

यांदेची काठी टक टक करत शाळेला वळसा घालून गेली. खोलीत अजून हसणं चाललं होतं. आडोशामागे कुणी नव्हतं. आम्ही दोघे ड्रम आणि आमच्यात वाळूवर झोपलेल्या गोट्या.

*टिंग.*

हसणं थांबलं.

कुजाबी उठले. त्यांनी आडोशाचं कापड बाजूला केलं. मला त्यांचा श्वास नळीवर जाणवला. ते वाकून माझ्याकडे बघत होते, मग माझ्या शेजाऱ्याकडे. तिथे कुणी नव्हतं.

*टिंग, टिंग.*

आणि मागच्या भिंतीपलीकडून यांदेचा आवाज, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, "अरे देवा, बिरानचा मेंढा!"

सगळे धावले. मला तिथे काय दिसलं असणार, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा ते सांगितलंय, की आता मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. तेनिंगचा नवरा बिरान यानं उद्याच्या नाव ठेवायच्या जेवणासाठी मेंढा आणला होता. त्याच सकाळच्या होडीतून. तो घरी नेला असता तर वाटेत चार जणांनी त्याला चिडवून बिथरवला असता, म्हणून शाळेमागच्या सावलीत बांधून तो लाकडं आणायला गेला. शेजारीच साहेबांची सायकल भिंतीला टेकवलेली. मेंढ्यानं आधी घंटीचं फडकं खाल्लं. अर्धं अजून तोंडातच होतं. मग शिंग खाजवायला त्याला ती घंटी फार आवडली.

सकाळीही त्यानं एकदाच खाजवलं होतं. नेमकं तेनिंगच्या गोटीच्या वेळी.

कुजाबी परत खोलीत आले, तेव्हा त्यांची पावलं सकाळच्यासारखी टकटक वाजत नव्हती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बंदी मी घातली आणि सायकल माझीच होती."

कुणी टोमणा मारला नाही. थट्टेच्या नात्यातही एक वेळ अशी असते की थट्टा करत नाहीत.

मग ते तेनिंगला म्हणाले, "घरी जा बाई."

ती उठली, पण गेली नाही. "साहेब, आधी सगळ्यांसमोर म्हणा."

"काय?"

"की एकच होती."

"मोजणीच्या आधी ते मला म्हणता येत नाही. मी म्हणालो तर उद्या दुसरा कुणी अधिकारी नुसत्या तोंडावर विश्वास ठेवेल."

"बरं," तेनिंग म्हणाली. "मग पाजून येते."

आणि धावली. बाळंतिणीनं धावू नये म्हणतात. यांदे मागून ओरडत होती, "हळू, अगं हळू!" थोड्या वेळानं वाऱ्यावर रडण्याचा आवाज आला, मग तो मधेच तुटला. रांगेतल्या बायकांनी एकदम श्वास सोडला. मीही सोडला असता.

संध्याकाळी शिक्के फोडले. गोट्यांसाठी भोकं पाडलेल्या लाकडी पाट्या असतात. एकेका भोकात एकेक गोटी बसवायची, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. आधी माझ्या शेजाऱ्याच्या की आधी माझ्या, ते जाऊ द्या. दोन्ही ड्रम रिकामे झाले. कासववाला आणि कंदीलवाला पाट्यांवर वाकून बघत होते. तेनिंग दारात उभी होती, ओढणी घट्ट लपेटून. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाळ घरीच होतं.

जितक्या गोट्या दिल्या होत्या, तितक्याच निघाल्या. एकही जास्त नाही.

कुजाबी उभे राहिले. टोपी यांदेच्या डोक्यावर होती, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले. "एकच होती," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून, "तेनिंग सार यांनी एकच गोटी टाकली होती."

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा चीत्कार केला, की माझा रिकामा पत्रा झणझणला. निकालाचीही आरोळी उठली. कुणी जिंकलं, कुणी हरलं. पण मित्रांनो, चहाच्या चुली मात्र त्या संध्याकाळी पुन्हा एक झाल्या. मेंढ्याची गोष्ट दोन चुलींवर सांगणं कुणालाच परवडलं नसतं.

कुजाबींना उद्याचं आमंत्रण होतंच. यांदेनं बजावलं, "रिकाम्या हातानं यायचं नाही. आणि मेंढ्याचं डोकं तुझ्या वाट्याला. त्यानं तुझं फडकं खाल्लं, तू त्याचं डोकं खा. फिटंफाट."

मला होडीवर चढवायला बिराननं उचललं. ऊन उतरलं होतं, नदीवर वारा सुटला होता. काठाशी पोचल्यावर त्यानं मला वाळूत ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि नळीपाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "काय रे, तुझ्यात टाकली की त्याच्यात?"

मागून तेनिंगचा आवाज आला. "तो नाही सांगायचा."

"मग तू सांग. मी नवरा आहे तुझा."

"नवरा आहेस म्हणून तर मेंढा शाळेमागे बांधलास तरी काही बोलले नाही. चल, ड्रम उचल."

तो हसला आणि त्यानं मला उचललं. त्यानंतर मी फारोकुंड्याला पुन्हा गेलो नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. एका गोदामात बाकीच्या ड्रमांबरोबर उभा असतो. निवडणूक आली की कधी कधी कुणी येतं, मला वाजवून बघतं. घंटीचा आवाज घोगरा झालाय. तळाला गंजाचं एक भोक पडलंय, त्यातून मुंग्या ये-जा करतात. गोदामात येणारी माणसं आपापसांत बोलतात की आता कागदावरच मत द्यायचं, ड्रम जुने झाले. देतील. कागदही चांगला असेल. आमच्यापेक्षा हलका तर नक्कीच. पण कागदावर ऊबदार बोटांची खूण कशी राहते, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे मी एवढंच मागेन. तुमच्या गावात, शाळेत, चौकात, कुठेही एखादी वस्तू तुमच्यासाठी काहीतरी सांभाळत उभी असेल, तर तिची आठवण फक्त गरजेच्या दिवशी ठेवू नका. मधल्या दिवसांतही फडकं मारा. आणि कुणावर बोट दाखवण्याआधी एकदा भिंतीमागे जाऊन या.

मला कधी भेटलात तर माझी धूळ पुसा, घंटीला दोन थेंब तेल घाला, भोकाला पत्र्याचं ठिगळ लावता आलं तर लावा. माझ्या अंगावर रंगांचे थर आहेत, एकाखाली एक. फारोकुंड्याच्या दिवशीचा रंगही त्यातच कुठेतरी आहे, आणि त्यावर एक कासव आहे, किंवा कंदील. नखानं खरवडलंत तर दिसेलही.

तेवढं मात्र करू नका.